वीज पडली नाही, वीज आली

पोस्ट लांब आहे. परवाच्या वळवानंतर ज्यांच्या घरात काही ना काही उडालंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी पुढच्या वळवाआधी वाचली तरी चालेल.

'वादळी वाऱ्यासह झालेल्या जोरदार पावसाने वीजपुरवठा खंडित. अनेक घरांतील विद्युत उपकरणे जळून नुकसान.'

ही ओळ तुम्ही दर मे महिन्यात वाचता. ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक. बारामती-इंदापूर पट्ट्यात वीस वर्षं बातमीदारी करताना ही ओळ इतक्या वेळा पाठवलीय की आता बोटंच ती टाइप करतात, गावाचं नाव तेवढं बदलायचं. निमगाव केतकी, सणसर, भिगवण, पळसदेव, बावडा. परवाही मोबाइलवरून पाठवली. पाठवून वरच्या खोलीत गेलो, जळक्या प्लास्टिकचा वास अजून कोंडलेला होता, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्या ओळीत दोष कुणाला दिलाय ते नीट पाहिलं. पावसाला दिलाय. पाऊस तर माझ्या खोलीत आलाच नव्हता.

काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण सगळा वाद क्रमाचाच आहे.

साडेपाचला आभाळ आलं. पावणेसहाला वारा सुटला आणि लाईट गेली. आईने लहानपणापासून लावलेली शिस्त, म्हणून घरातले सगळे प्लग काढले, टीव्हीची केबलसुद्धा. सहा ते पावणेसात धो धो पाऊस, विजांचा कडकडाट. पावणेसातला सगळं थांबलं. साडेसातला आभाळ निवळून चांदण्या दिसायला लागल्या. आठ वाजता लाईट आली. लगेच काही लावलं नाही. पंधरा मिनिटं थांबलो, ट्यूब नीट, पंखा नीट. मग वर जाऊन रेकॉर्डिंगच्या टेबलाचे प्लग लावले, कारण एक काम रात्रीतच द्यायचं होतं. साडेआठच्या सुमारास ट्यूब एकदम भगभगली, पंख्याने विमानासारखा आवाज धरला, टेबलाखाली 'फट्' झालं, पाठोपाठ आणखी एक 'फट्', आणि धूर. मेन स्विच पाडायला जिना उतरेपर्यंत दहा-बारा सेकंद गेले असतील. एमसीबी पडला नव्हता. तो पडणारही नव्हता, कारण तो जास्त करंटला पडतो, जास्त दाबाला नाही. हे मला त्या रात्री कळलं. चाळिशी उलटल्यावर.

बाहेर आलो तर गल्लीत दोन तऱ्हा. आमच्या रांगेत लोक ओरडत होते, कुणाचा टीव्ही, कुणाचा फ्रिज, कुणाच्या मोबाइलचा चार्जर भिंतीवरच फुटलेला. समोरच्या रांगेत मात्र दिवे मेणबत्तीसारखे मिणमिणत होते. गल्लीतल्या एका वायरमन पोराने मल्टीमीटर आणून लावला. आमच्या बाजूला तीनशे चाळीसच्या वर. समोर ऐंशी.

आभाळातली वीज फेज बघून पडत नाही.

आपल्या भाषेत एक मोठी गंमत आहे आणि ती वीज कंपन्यांना फार सोयीची आहे. आभाळातून पडते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीज. त्यामुळे 'विजेने जळालं' म्हटलं की ऐकणारा आपसूक वर बघतो. खांबाकडे कोणी बघत नाही.

खांबाकडे बघू. डीपीवरून चार तारा निघतात. तीन फेजच्या, चौथी न्यूट्रल. घरात एक फेज आणि न्यूट्रल येते, त्या दोघींमधला दाब २३० व्होल्टच्या आसपास. दोन फेजमधला दाब मात्र ४०० च्या घरात असतो. न्यूट्रल जागेवर असेपर्यंत प्रत्येक घर आपापलं २३० घेऊन सुखात. ती डीपीपाशी सैल झाली, गंजली, तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकाच माळेत ओवली जातात आणि ते ४०० त्यांना आपसांत वाटून घ्यावे लागतात. वाटणीही उलटी. ज्या फेजवर कूलर, फ्रिज, मोटारी चालू, तिच्या वाट्याला कमी दाब. ज्या फेजवर चार ट्यूबा आणि दोन चार्जर, तिच्या वाट्याला उरलेला सगळा. म्हणजे आमच्या रांगेतल्या शहाण्या लोकांनी घाबरून फ्रिज-कूलर बंद ठेवले, त्यामुळे चालू राहिलेल्या वस्तूंवर आणखी भार पडला. सावधपणाची शिक्षा म्हणतात ती ही.

मग साडेआठलाच का? कारण आठला लाईट आल्यावर सगळ्या भागाचे कूलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. आधीच सैल असलेला न्यूट्रलचा जोड तापला आणि सुटला. रात्री दहाच्या पुढे लाईनमन आला, डीपीवर चढला आणि न्यूट्रलचा जम्पर बदलून खाली उतरला. काढलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. ॲल्युमिनियमची तार, टोकाला काळी पडलेली, पेळ्यांमध्ये पांढरी भुकटी साचलेली. असला तुकडा एका संध्याकाळी तयार होत नाही. तो वर्षानुवर्षं तयार होत होता आणि आम्ही त्याच्या खाली राहत होतो. वाऱ्याने शेवटचा झटका दिला असेल, तेवढं मान्य करतो. फोटो काढून ठेवलाय.

वादळ म्हणजे काय ते या भागाला कोणी शिकवू नये. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवा. कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळात उलटली, सहा माणसं गेली. २५ मे २०२५ चा रविवार आठवा. नीरा डावा कालवा पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, लोकांच्या घरांत पाणी शिरलं, बारामती-इंदापुरात एनडीआरएफची पथकं आली. अशा वेळी आठवडाभर लाईट नसती तरी मी चकार शब्द काढला नसता. ती आपत्ती. पण पाऊस थांबून पावणेदोन तासांनी, चांदण्यात, गंजलेल्या तारेमुळे घर जळतं, त्याला त्याच शब्दाच्या छत्रीखाली घ्यायचं नाही. बोटीतल्या माणसांच्या शेजारी आपला जम्पर नेऊन बसवायला लाज वाटली पाहिजे.

आता माझं काय गेलं. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करणारी पेटी, दोन मॉनिटर स्पीकर, आणि स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारी मोठी हार्ड डिस्क. माइक वाचला, त्याची वायर काढलेली होती. नव्याने घ्यायचं तर लाखाच्या पुढे हिशेब जातो. आमच्या धंद्यात लाख म्हणजे काय ते तालुका बातमीदारांना विचारा.

पण पैसे येतील-जातील. हार्ड डिस्कमध्ये माणसं होती.

गेली चार वर्षं मी उजनीच्या काठाने फिरून म्हाताऱ्या माणसांची बोलणी रेकॉर्ड करतोय. धरण १९८० साली पूर्ण झालं. पाण्याखाली गेलेलं गाव ज्यांनी जाणतेपणी पाहिलंय ते आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, मग पुण्याहून गाड्या येतात, ड्रोन उडतात, देवळाचे फोटो निघतात. देवळाशेजारी कुणाचं घर होतं, वेशीतून आत आल्यावर डाव्या हाताला कुणाची विहीर, बाजार कुठल्या वारी, उठायच्या आदल्या रात्री घरात काय शिजलं होतं, हे ड्रोनला दिसत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं, तेही वेळेत. एकतीस माणसांचं सुमारे शेहेचाळीस तासांचं बोलणं जमलं होतं. त्यातली चार माणसं आता नाहीत. एक आजी दर वेळी सुरुवातीला विचारायच्या, "ह्याच्यात माझा आवाज ऱ्हाईल का रं?" मी म्हणायचो, राहील आज्जी.

त्या धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं वीजघरही आहे. असो.

एक प्रत लॅपटॉपवर होती, दुसरी हार्ड डिस्कवर. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, कारण नेमकं त्याच रात्री कॉपी करणं चालू होतं. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवायला हवी होती. ठेवली नाही. ही माझी चूक आहे, ती मी कुणाच्या माथी मारत नाही. पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्क ठेवून घेतलीय, 'बघू' म्हणालाय, आणि बघण्याचेच पैसे सांगितलेत. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. त्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर घरबसल्या ऐकता-वाचता येतात, कारण त्या कामाच्या मागे संस्था उभी राहिली. आमच्यासारख्यांच्या मागे एक्स्टेन्शन बोर्ड उभा असतो.

कालपासून सल्ले येतायत. प्रेमाने येतायत हे समजतं. तरी उत्तरं देतो.

"प्लग काढायचे ना." काढले होते. वादळात काढले, वादळ संपल्यावर लावले. आता वादळ नसतानाही काढून ठेवायचे असतील तर कनेक्शनच कशाला घ्यायचं?

"स्पाइक गार्ड लावायचा." लावला होता. बाजारात त्या नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं म्हणजे लाल दिवा असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. आणि चांगला असला तरी तो क्षणभराच्या उसळीसाठी असतो. दहा सेकंद सलग साडेतीनशे व्होल्ट आले तर तो स्वतःच जळतो. माझा जळला. अशा दाबाला मीटरनंतर लगेच बसवायचा ओव्हर-व्होल्टेज रिले लागतो, दाब मर्यादेबाहेर गेला की तो पुरवठाच तोडतो. ज्याला परवडेल त्याने बसवावा, मीही बसवणार आहे. पण हिशेब बघा. दाब कमी म्हणून स्टॅबिलायझर आपण घ्यायचा, लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर आपण घ्यायचा, अर्थिंगचा खड्डा आपण खणायचा, कोळसा-मीठ आपण टाकायचं, आता न्यूट्रल तुटते म्हणून रिलेही आपणच घ्यायचा. घरोघर आपण एकेक छोटी वीज कंपनी चालवतोय आणि वर बिलही भरतोय.

"छंदापायी एवढं सामान कशाला?" ह्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण तो मला विचारला असला तरी लागतो दुसऱ्यांना. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीकडे जाते. त्या वाटेवरच्या गावांत आज कितीतरी पोरं एका खोलीला गाद्या आणि अंड्यांचे ट्रे लावून बसलीत. अभंग रेकॉर्ड करतात, कीर्तनाचं संकलन करतात, कारखान्याच्या निवडणुकीत रिक्षावर फिरणारा आवाज तयार करतात, कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या रसवंतीच्या जाहिरातीचं. आषाढी हा त्यांचा हंगाम. आणि हंगामाच्या तोंडावर, मे-जूनच्या वळवातच सामान जळतं. ज्याचं जळालं त्याची वारी त्या वर्षी गेली. शेतकऱ्याची मोटार जळाली की आपण हळहळतो, कारण ती पोटाची गोष्ट आहे हे आपल्याला दिसतं. रिवाइंडिंगच्या दुकानात मोटारींची रांग लागते, ते दिसतं. पोरांचं जळालेलं सामान मात्र कपाटावर जातं आणि पोरगं गुपचूप पुण्याला डिलिव्हरीच्या कामाला जातं.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. समोरचे साहेब सभ्य होते, चहा मागवला.

"तुम्ही पत्रकार, तुम्हाला काय सांगायचं. वादळच होतं."

"वादळ पावणेसातला थांबलं, साहेब. जळालं साडेआठला."

"विजा होत्या ना पण."

"त्याही थांबल्या होत्या. जम्पर तुमच्याच माणसाने बदललाय."

थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या घरचं अर्थिंग तपासून घ्या."

हे वाक्य लक्षात ठेवा. तुम्हालाही ऐकवलं जाईल. अर्थिंग चांगलं असावंच, त्याने माणूस वाचतो, शॉक बसत नाही. पण खांबावरची न्यूट्रल तुटली तर घरातल्या अर्थिंगने टीव्ही वाचत नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून ग्राहकाला घरी पाठवायची ही जुनी रीत आहे. आणि अर्थिंगचाच विषय काढायचा तर १९५६ च्या वीज नियमांतला नियम ३३ काढू. ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो तिथे, अर्थिंगचं टर्मिनल देण्याची आणि ते सांभाळण्याची जबाबदारी पुरवठादाराची. नियम ६१ म्हणतो, न्यूट्रल जमिनीशी किमान दोन स्वतंत्र जोडण्यांनी जोडलेली हवी. नियम ५४ म्हणतो, घरगुती दाब ठरलेल्या आकड्याच्या ६ टक्क्यांपेक्षा वर-खाली जाऊ नये. पुढे नियमांची नावं आणि वर्षं बदलली, पण न्यूट्रल किती महत्त्वाची हे नियम करणाऱ्यांना सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं. तुमच्या डीपीचं अर्थिंग बघून या एकदा. लांबूनच बघा, हात लावू नका. पट्टी कापलेली, खड्डा बुजलेला, मे महिन्यात जमीन कोरडी ठाक. आमच्याकडे तर त्या जागेवर चहाची टपरी आहे.

कायदा आहे. विद्युत अधिनियम २००३, कलम ५७. वीज कंपनीने सेवेची कोणती पातळी राखायची ते आयोग ठरवतो, आणि ती राखली नाही तर बाधित ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. पण त्याला एक पळवाट जोडलेली आहे. युद्ध, दंगल, पूर, चक्रीवादळ, भूकंप अशा प्रसंगी ही मानकं स्थगित राहतात, आणि त्या यादीत वीज पडणंही आहे. यादीत चूक नाही. खरी आपत्ती आली तर कंपनी तरी काय करणार. चूक आहे ती यादी वापरण्याच्या रीतीत. मे ते ऑक्टोबर ह्या भागात आठवड्याला एकदा तरी कुठे ना कुठे वीज कडाडते. मग त्या आठवड्यात झालेला प्रत्येक बिघाड 'नैसर्गिक' ठरवायला कितीसा वेळ लागतो? आणि तो तसा ठरवायला पहिला पुरावा कोण देतं? मी देतो. माझी ती ओळ देते. 'वादळी वाऱ्यासह झालेल्या पावसाने.' उद्या माझ्याच अर्जावर माझ्याच बातमीचं कात्रण लावून उत्तर आलं तर मला बोलायला तोंड नाही.

म्हणून त्या ओळीबद्दल आधी माफी मागतो. ज्यांच्या ज्यांच्या घरचं जळालेलं मी वीस वर्षं पावसाच्या नावावर टाकलं त्यांची. मान्सूनपूर्व देखभालीसाठी उद्या वीज बंद, ही प्रेसनोट मी दर वर्षी जशीच्या तशी छापतो. त्या दिवशी नेमकं कुठल्या डीपीचं काय काम झालं, हे एकदाही विचारलं नाही. फांद्या तोडल्या, फोटो आला, संपलं.

आता मुद्द्याचं. ह्या भांडणात एक साक्षीदार आहे आणि तो आपल्या भिंतीवर बसलाय. नव्या पद्धतीचे मीटर सध्या घरोघर बसवले जातायत. केंद्राची ३ लाख ३ हजार कोटींची वितरण सुधारणा योजना आहे, तिचा मोठा भाग ह्या मीटरांचा. हे मीटर फक्त युनिट मोजत नाहीत. दाब किती होता, मर्यादेच्या वर कधी गेला, पुन्हा जागेवर कधी आला, हे वेळेसकट नोंदवायची सोय त्यांत असते. माझ्याकडेही तसा मीटर आहे, म्हणजे परवा साडेआठला काय झालं ते त्याला माहीत असलं पाहिजे. वायरमन पोराच्या मल्टीमीटरवर विश्वास ठेवू नका, माझ्यावर ठेवू नका, पण स्वतःच्या मीटरवर ठेवाल की नाही?

बिलाच्या वेळी ह्याच मीटरची साक्ष शेवटची असते. "मीटरने दाखवलंय" म्हटलं की वाद संपतो. एक युनिट इकडचं तिकडे होत नाही. मग मीटरने साडेतीनशे व्होल्ट दाखवले असतील तर तिथेही वाद संपला पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती माझ्या लॅपटॉपपुरती नाही. जळालेल्या घराने मागितलं की त्या दिवसाची दाबाची नोंद सात दिवसांत त्याच्या हातात द्या. नोंद मर्यादेच्या वर असेल आणि त्या मिनिटाला वर आभाळात काही नसेल, तर 'वादळ होतं' हे उत्तर चालणार नाही. दुरुस्तीची पावती घ्या आणि पैसे द्या. मोजायचं यंत्र आमच्या भिंतीवर, त्याचा खर्च शेवटी आमच्याच खिशातून, आणि त्याची वही मात्र तुमच्या कुलपात, असं कसं?

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या गावात गैरसमज होईल. ही पोस्ट लाईनमनच्या विरोधात नाही. परवा रात्री दहानंतर ओल्या खांबावर चढलेला पोरगा कंत्राटी होता. पायात साध्या चपला, हातमोजे फाटके. गल्लीतल्या दोघांनी त्याला शिव्या घातल्या, तो काही बोलला नाही, काम केलं आणि पुढच्या डीपीकडे गेला. एवढ्या मोठ्या भागाला अशी दोन-तीन पोरं. जम्पर वेळेत बदलला का नाही, हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो. त्याला जम्पर, माणसं आणि वेळ कोणी दिला नाही, त्याला विचारायचा असतो.

ज्यांचं जळालंय त्यांच्यासाठी कामाचं. जळालेली वस्तू भंगारात देऊ नका. दुरुस्तीवाल्याकडून 'जादा दाबामुळे निकामी' असं त्याच्या लेटरहेडवर किंवा पावतीवर लिहून घ्या, तारीख घालून. शेजाऱ्यांचे अर्ज एकत्र द्या, एकाच डीपीवरच्या आठ घरांचं एकाच मिनिटाला जळालं ह्याच्यासारखा पुरावा नाही. अर्जात वेळ लिहा. वादळ कधी थांबलं, लाईट कधी आली, जळालं कधी. पोच घेतल्याशिवाय हलू नका, आवक क्रमांक महत्त्वाचा. उत्तर आलं नाही किंवा 'वादळ' एवढंच आलं, तर कलम ४२ खालच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, वकील लागत नाही. मंच कंपनीनेच स्थापलेला असतो हे खरं, पण त्याच्या वर आयोगाने नेमलेला विद्युत लोकपाल आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, तिथे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मी आजच टाकलाय, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. चार गोष्टी मागितल्यात. आमच्या डीपीची शेवटची देखभाल कोणत्या तारखेला झाली आणि त्यात काय केलं. तिच्या अर्थिंगचा रोध शेवटचा कधी मोजला आणि आकडा काय आला. त्या रात्रीच्या बिघाडाच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत. आणि माझ्या मीटरमधली त्या दिवशी सायंकाळी ५ ते रात्री ११ पर्यंतची दाबाची नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं, की जसंच्या तसं इथे टाकतो. नाही आलं तरी टाकतो.

पळसदेव, कळाशी, भिगवणच्या बाजूला ज्यांच्या घरी मी गेल्या चार वर्षांत आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करायला आलो होतो, त्यांच्यापैकी कुणी तेव्हा मोबाइलवर थोडंफार टिपलं असेल तर मला कळवा. आवाज खराब असला तरी चालेल. मध्ये कोंबडी ओरडली असली, कुकरची शिट्टी झाली असली तरी चालेल. पुढच्या रविवारपासून मी पुन्हा निघतोय, उसना रेकॉर्डर मिळालाय, बॅटरीवर चालणारा.